डॉ. सिडने रिंगर : एका प्रांजळ कबुलीची कथा



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकांठच्या गांवोगांवीं गुऱ्हाळांचीं चुलवाणें पेटतात. भल्या थोरल्या काहिलींत रस उकळूं लागतो, त्याचा खमंग वास पार सडकेपर्यंत येतो, आणि शाळा सुटण्याचा अवकाश, कीं मुलांचीं पावलें तिकडे वळतात. पुढें हळदीचा मोसम आला म्हणजे शेतांत हळद शिजूं लागते. हें सर्व पाहावयास मोठें मौजेचें खरें. परंतु ज्या काहिलींतून सोन्यासारखा गूळ निघतो, तिच्याच कांठावरून एखाद्याचा पाय घसरला तर क्षणार्धांत केवढा अनर्थ ओढवतो, हें येथील जुन्याजाणत्या माणसांस सांगावयास नको. भडकलेला स्टोव्ह, चुलीपाशीं लोंबणारा पदर, दिवाळींतील फटाका, आंघोळीच्या कढत पाण्याचें घंगाळ, हीं तर घरोघरचीं संकटें होत.

अशा रीतीनें फार भाजलेला मनुष्य सातारा, कराड, सांगली वा मिरज येथील एखाद्या रुग्णालयांत आणला, कीं त्याच्या जखमांस मलमपट्टी होण्यापूर्वींच डॉक्टर त्याच्या हातावरील शीर शोधूं लागतात. त्या शिरेंत सुई घालून तिला नळी जोडतात, आणि वर टांगलेल्या बाटलींतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव थेंबाथेंबानें शरीरांत उतरूं लागतो. लोक त्याला सरसकट सलाईन म्हणतात, परिचारिका आर. एल. म्हणतात, परंतु बाटलीवरील चिठी वाचली तर तेथें रिंगर हें नांव आढळतें. रोग्याचे आप्त रात्रभर त्या थेंबांकडे टक लावून बसतात. मात्र हें नांव कोणाचें, असा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. तें नांव लंडन शहरांतील एका डॉक्टरांचें आहे. ते १९१० सालीं वारले. त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा प्रसंग एका चुकीचा आहे, आणि म्हणूनच तें चरित्र शाळेच्या अंकांत सांगण्याजोगें वाटतें.

सिडने रिंगर यांचा जन्म १८३५ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व भागांतील नॉर्विच या शहरीं झाला. घराणें राजमान्य चर्चच्या बाहेर राहून उपासना करणाऱ्या पंथाचें होतें. सिडने लहान असतांनाच त्यांचें पितृछत्र हरपलें आणि तीन मुलांना वाढविण्याचा भार आईवर पडला. या तिघां भावांपैकीं फ्रेडरिक हा पुढें जपानांतील नागासाकी बंदरांत मोठा व्यापारी झाला. त्याचें तेथील घर आजही जतन करून ठेवलेलें आहे. सिडने मात्र व्यापाराकडे न वळतां वैद्यकाकडे वळले.

त्या काळापर्यंत ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जुन्या विद्यापीठांत धर्मपंथाच्या अटी असत. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजाचे दरवाजे मात्र कोणाचा पंथ न विचारतां सर्वांस खुले होते. १८५४ सालीं रिंगर तेथें दाखल झाले व १८६० सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. तेव्हांपासून पुढील चाळीस वर्षें त्यांनीं त्याच कॉलेजाच्या व त्याला जोडलेल्या रुग्णालयाच्या सेवेंत घालविलीं. एकाच ठिकाणीं विद्यार्थी म्हणून यावें, आणि तेथेंच शिकवीत शिकवीत केस पांढरे करावेत, असें भाग्य थोड्यांच्याच वांट्यास येतें.

डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक लवकरच झाला. ताप मोजण्याचें साधन आज पुष्कळ घरांत असतें. परंतु त्या वेळीं बहुतेक डॉक्टर रोग्याच्या कपाळावर हात ठेवूनच तापाचा अंदाज करीत. क्षयरोग्याचा ताप नियमानें मोजून त्यावरून रोगाचें निदान कसें करावें, याविषयीं रिंगर यांनीं १८६५ सालींच एक पुस्तक प्रसिद्ध केलें. १८६९ सालीं त्यांचा औषधोपचारांवरील मोठा ग्रंथ निघाला. कोणतें औषध कोणत्या रोगावर, किती प्रमाणांत व कोणत्या वेळीं द्यावें हें त्यांत इतक्या सोप्या रीतीनें सांगितलें होतें, कीं त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. एवढ्यावरच ते समाधान मानते तरी सुखासमाधानानें व मानमरातबानें त्यांचें आयुष्य गेलें असतें. परंतु औषध लागू पडतें एवढें कळून त्यांची तृप्ति होत नसे. तें कां लागू पडतें हें त्यांस पाहावयाचें असे. म्हणून रुग्णालयांतील फेरी, वर्गांतील व्याख्यानें व खासगी रोगी यांतून जो वेळ उरे, तो ते कॉलेजाच्या प्रयोगशाळेंत घालवीत.

त्यांच्या संसारांत एक मोठें दुःख झालें. त्यांची पत्नी यॉर्कशायर परगण्यांतील होती, व त्यांस दोन मुली होत्या. त्यांपैकीं थोरली मुलगी ॲनी ही सातव्या वर्षाच्या सुमारासच देवाघरीं गेली. हजारों रोग्यांवर उपचार करणाऱ्या पित्यास स्वतःच्या लेकीस वांचवितां आलें नाहीं. यॉर्कशायरच्या माळरानाच्या कडेस लास्टिंगहॅम नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें सुमारें आठशें वर्षांपूर्वींचें दगडी प्रार्थनामंदिर जीर्ण होऊन पडलें होतें. रिंगर यांनीं मुलीच्या स्मरणार्थ पदरचा पैसा घालून १८७९ सालीं त्याचा जीर्णोद्धार करविला. तें मंदिर आजही उभें आहे. या शोकानंतर थोड्याच वर्षांनीं त्यांनीं जें काम हातीं घेतलें, त्याचा लाभ पुढें इतरांच्या लेंकरांस झाला.

तें काम असें होतें. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढलें तरी तें लागलीच बंद पडत नाहीं. योग्य द्रव त्यांतून वाहता ठेवला तर तें कांहीं काळ धडधडत राहतें. मग योग्य द्रव म्हणजे कोणता? रक्त हें नाना पदार्थांचें मिश्रण आहे. त्यांतील कोणत्या पदार्थामुळें हृदय चालतें, हें एकेक पदार्थ निराळा घेऊन पाहावें असें रिंगर यांनीं ठरविलें. त्यांनीं प्रथम शुद्ध केलेल्या पाण्यांत साधें मीठ घालून तें वापरलें, आणि काय आश्चर्य, हृदय कित्येक तास उत्तम चाललें! मीठ आणि पाणी एवढ्यावर हृदय चालतें, असा निष्कर्ष निघाला. आपल्या प्रयोगांचें वर्णन त्यांनीं १८८२ सालीं शरीरशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांत छापून प्रसिद्ध केलें. छापलें गेलें, तज्ज्ञांनीं वाचलें, आणि प्रकरण तेथेंच मिटावें अशी वेळ आली.

परंतु पुढें तोच प्रयोग करितांना फळ निराळें येऊं लागलें. मीठ तेंच, प्रमाण तेंच, बेडूकही तसाच. पण हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थोड्याच वेळांत तें थांबूं लागलें. असें झालें असतां उतावळा मनुष्य म्हणता कीं, आजचा प्रयोग बिघडला, पूर्वींचाच खरा. रिंगर यांनीं तसें केलें नाहीं. दोन्ही वेळच्या सामग्रींत फरक कोठें पडला, याचा ते कसून शोध करूं लागले. शोधांतीं असें आढळून आलें कीं, पहिल्या वेळीं मिठाचें पाणी ऊर्ध्वपातनानें शुद्ध केलेल्या पाण्यांत मुळीं बनविलेलेंच नव्हतें. तें नळाच्या पाण्यांत बनविलेलें होतें. त्या प्रयोगशाळेंत पुढें सांगत असत ती हकीकत अशी, कीं पाणी तापवून त्याची वाफ धरून पुन्हां थंड करण्याचा कंटाळा एका मदतनिसास आला. पाणी तें पाणी, डॉक्टरांस काय कळणार, असा विचार करून त्यानें सरळ नळाखालीं भांडें धरलें होतें.

आतां लंडनच्या त्या नळाच्या पाण्यांत असें काय होतें? न्यू रिव्हर नांवाचा एक कालवा १६१३ सालीं बांधून पुरा झाला होता, व त्यांतून शहराच्या उत्तरेकडील झऱ्यांचें पाणी लंडनला येत असे. ते झरे खडूच्या दगडांतून पाझरणारे. अर्थात् त्या पाण्यांत चुन्याचा अंश विरघळलेला असे. आपल्याकडे विहिरीच्या जड पाण्यानें हंड्याच्या बुडाशीं व बंबाच्या आंत पांढरा थर बसतो, तो सर्वांनीं पाहिलेला आहे. आपल्या आया चिंच लावून तो घांसून काढतात. त्या पांढऱ्या थरांतही मुख्यत्वें हाच पदार्थ असतो. याला शास्त्रांत कॅल्शियम म्हणतात. डोळ्यांस न दिसणाऱ्या या चुन्याच्या अंशानेंच बेडकाचें हृदय चालत होतें, आणि शुद्ध पाण्यांत तो नसल्यामुळें तें थांबत होतें.

येथें रिंगर यांची खरी परीक्षा झाली. ते आतां पन्नाशीकडे झुकलेले, नांवाजलेले प्राध्यापक होते. त्यांचा निष्कर्ष छापून जगजाहीर झालेला होता. त्यांत चूक आहे हें त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतें. गप्प बसलें असतें तर कोणी विचारलें नसतें. जुना लेख तसाच सोडून देऊन नवा शोध तेवढा मिरवितां आला असता. अथवा सारा दोष त्या मदतनिसाच्या माथीं मारून आपण मोकळें होतां आलें असतें. त्यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८३ सालीं, त्याच नियतकालिकांत त्यांनीं दुसरा लेख छापला. आपल्या पूर्वींच्या प्रयोगांतील मिठाचें पाणी शुद्ध पाण्याचें नसून नळाच्या पाण्याचें होतें, तें पाणी कोणत्या कंपनीचें होतें, व म्हणून पूर्वींचे निष्कर्ष कसे बदलले पाहिजेत, हें सर्व त्यांनीं त्यांत उघडपणें नमूद केलें. ही कबुली देतांना त्यांनीं त्या पाण्याचें पृथक्करणही दिलें, म्हणजे दुसऱ्या कोणास पडताळून पाहावयाचें असल्यास पाहतां यावें.

या कबुलींतूनच पुढील शोधाचा मार्ग खुला झाला. आतां ते एकेक क्षार मोजून घालूं लागले. नुसतें मीठ घातलें तर हृदय मंदावतें. त्यांत चुन्याचा क्षार घातला तर तें जोरानें आंवळतें. परंतु तेवढाच घातला तर आंवळलेलें हृदय पुन्हां नीट सैल होत नाहीं. पोटॅशियमचा क्षार अगदीं थोडा घातला तर हा अतिरेक आटोक्यांत येतो. तोच अधिक झाला तर हृदय बंद पडतें. सारांश, मीठ, चुना व पोटॅशियम हीं तिन्ही हवींत. पण प्रत्येकाचें माप ठरलेलें. माशांवरही त्यांनीं प्रयोग केले. अगदीं शुद्ध केलेल्या पाण्यांत मासे ठेवले तर ते लवकर मरत, आणि त्यांतच योग्य क्षार घातले तर ते अधिक काळ जगत. आपण ज्याला शुद्ध म्हणतों तें जीवाला पोषक असतेंच असें नाहीं, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट झाली. या सर्व प्रयोगांतून जो मोजका द्रव सिद्ध झाला, त्याला शास्त्रज्ञ रिंगरचा द्रव म्हणूं लागले. १८८५ सालीं रॉयल सोसायटी या विद्वत्सभेनें त्यांस आपला सभासद करून घेतलें.

त्यांच्या उत्तर आयुष्यांत सांगण्यासारखें फार नाहीं. १८९४ सालीं मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं आपलें रुग्णालय उघडलें, त्या वेळीं रिंगर लंडनमध्यें वैद्यकाचे प्राध्यापक म्हणून रुग्णशय्येपाशीं विद्यार्थ्यांस शिकवीतच होते. १८९९ सालीं त्यांच्या पत्नीचें निधन झालें. दुसऱ्याच वर्षीं निवृत्त होऊन ते लास्टिंगहॅम येथें, मुलीच्या स्मृतीनें उभारलेल्या मंदिराच्या सान्निध्यांत, राहावयास गेले, आणि १४ ऑक्टोबर १९१० रोजीं त्यांनीं तेथेंच देह ठेविला. आपला द्रव एके दिवशीं भाजलेल्या माणसांच्या शिरांत घालतील हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. त्यांनीं भाजलेल्या रोग्यांवर हा उपचार केल्याचें श्रेय त्यांस देणें योग्य होणार नाहीं. तें काम त्यांच्या मागून आलेल्यांनीं केलें, आणि त्याचीही हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे.

शिरेंत क्षारयुक्त पाणी घालण्याची कल्पना रिंगर यांच्या पूर्वींची आहे. १८३२ सालीं इंग्लंड-स्कॉटलंडांत पटकीची सांथ आली असतां ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें दाखवून दिलें, कीं पटकीच्या रोग्याच्या रक्तांतील पाणी व क्षार निघून गेलेले असतात. हेच ओशॉनेसी पुढें कलकत्त्यास आले व हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें त्यांनीं घातलें. त्यांचें म्हणणें वाचून एडिंबरोजवळील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यांनीं मरणोन्मुख रोग्यांच्या शिरांत मिठाचें पाणी घातलें, व त्यांतील कांहीं उठून बसले. परंतु पुढच्याच वर्षीं लाटा वारले आणि ही विद्या बहुतेक विसरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास सर लेनर्ड रॉजर्स यांनीं पटकीवर तिचा पुन्हां मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. त्यानंतर १९३२ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील बालवैद्य अलेक्सिस हार्टमन यांनीं रिंगरच्या द्रवांत सोडियम लॅक्टेट मिसळलें. हा पदार्थ शरीरांत गेल्यावर यकृतामध्यें त्याचें रूपांतर होऊन रक्तांत वाढलेलें आम्ल कमी होतें. आज बाटलींत असतो तो हाच रिंगर लॅक्टेट. त्याच्या एका लिटरांत मीठ सुमारें ६ ग्रॅम, सोडियम लॅक्टेट सुमारें ३ ग्रॅम, पोटॅशियमचा क्षार एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास व चुन्याचा क्षार पाव ग्रॅमच्या आसपास असतो. लंडनच्या नळांतून चुकून आलेला तोच चुना!

आतां भाजलेल्या माणसास या द्रवाची गरज कां, हें पाहूं. आपल्या शरीरांतील अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवीं पाणी धरून ठेवतात. फार भाजलें असतां त्या झिरपूं लागतात. रक्तांतील पाणी, क्षार व पौष्टिक द्रव्यें बाहेर पाझरून मांसांत साठतात; म्हणून रोगी सुजतो आणि त्वचेवर फोड येतात. बाहेरून शरीर फुगलेलें दिसतें, पण आंत रक्तवाहिन्या रित्या होत असतात. रक्त दाट होतें, त्याचा दाब उतरतो, मूत्रपिंडें काम सोडतात, आणि प्रथम शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस कांहीं तासांनीं हातचा जातो. पूर्वीं लोकांस वाटे, कीं जळलेल्या कातडींतून विष उत्पन्न होऊन रोगी मरतो. १९२१ सालीं अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं एका नाट्यगृहास आग लागली. त्यांत भाजलेल्यांच्या फोडांतील पाण्याची येल विद्यापीठाचे फ्रँक अंडरहिल यांनीं परीक्षा केली. तें पाणी रक्तांतील द्रवासारखेंच निघालें. विषाहूनही पाण्याची व क्षारांची हानि घातक आहे, हें त्यावरून दिसून आलें. १९४२ सालीं बोस्टन येथील नृत्यगृहाला लागलेल्या आगींत ४९२ माणसें दगावलीं. त्या वेळीं कोप व मूर या डॉक्टरांनीं द्रव किती द्यावा याचें गणित रचण्यास आरंभ केला. शेवटीं १९६८ सालीं टेक्सास प्रांतांतील डॅलस शहरीं पार्कलंड रुग्णालयाचे डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांनीं रिंगर लॅक्टेटचें तें माप सांगितलें, जें पुढें जगभर चाललें.

तें गणित आपल्या शाळेंतील मुलांसही करतां येईल इतकें सोपें आहे. प्रथम शरीराचा शेंकडा किती भाग भाजला हें पाहावयाचें. प्रौढ माणसाचें डोकें व मान मिळून ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, छाती व पोट १८, पाठ १८, आणि उरलेला १, असे शंभर भाग होतात. लहान मुलाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असल्यामुळें त्याचे आंकडे निराळे असतात. नुसती लाल झालेली कातडी यांत धरीत नाहींत. मग रोग्याचें वजन किलोमध्यें घेऊन त्यास भाजलेल्या भागानें गुणावें व पुन्हां ४ नें गुणावें. म्हणजे पहिल्या चोवीस तासांचा द्रव मिलिलिटरमध्यें येतो. समजा, ५० किलो वजनाच्या माणसाचा शेंकडा ३० भाग भाजला आहे. तर ५० गुणिलें ३० गुणिलें ४ म्हणजे ६,००० मिलिलिटर, अर्थात् ६ लिटर. पाणी पिण्याच्या मोठ्या कळशीइतका हा द्रव सुईच्या छिद्रांतून शरीरांत घालावयाचा असतो.

यांतील निम्मा द्रव पहिल्या आठ तासांत व उरलेला पुढील सोळा तासांत द्यावयाचा असतो, कारण गळती सुरुवातीसच सर्वांत जास्त असते. पण हे आठ तास मोजावयाचे कोठून? रुग्णालयांत पाऊल ठेवल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून. येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. वरील रोगी तत्काळ रुग्णालयांत असता तर त्यास आठ तासांत ३ लिटर, म्हणजे ताशीं ३७५ मिलिलिटर द्रव पुरला असता. परंतु पाटणच्या डोंगरांतून अथवा जतच्या वाडीवरून आणतांना दोन तास गेले, तर तेवढाच द्रव सहा तासांत, म्हणजे ताशीं ५०० मिलिलिटर द्यावा लागेल. अपघात किती वाजतां झाला हें डॉक्टरांस कोणी सांगूं शकलें नाहीं, तर हें गणितच चुकतें. म्हणून घरांतील एकानें तरी घड्याळ पाहून वेळ लक्षांत ठेवावी.

हें सूत्र म्हणजे केवळ आरंभ आहे, हेंही सांगितलें पाहिजे. आज पुष्कळ ठिकाणीं प्रौढांस ४ ऐवजीं २ नेंच गुणून सुरुवात करतात, आणि मग रोग्यास ताशीं किती लघवी होते तें मोजून द्रव कमीजास्त करतात. प्रौढास दर किलो वजनामागें ताशीं सुमारें अर्धा मिलिलिटर व लहान मुलास सुमारें एक मिलिलिटर लघवी होत असेल, तर मूत्रपिंडांस रक्त पोहोंचत आहे असें समजतात. द्रव कमी पडला तर रोगी दगावतो, आणि फाजील झाला तर तो फुप्फुसांत व पोटांत साठून जीवावर बेततें. योग्य मापाचें जें तत्त्व रिंगर यांनीं बेडकाच्या हृदयावर पाहिलें, तेंच येथें मनुष्याच्या देहावर पाहावयास मिळतें. रात्रभर जागून दर तासाला लघवीचें माप लिहून ठेवणारी परिचारिका त्यांच्याच पद्धतीनें काम करीत असते.

आतां रोगी रुग्णालयांत पोहोंचेपर्यंत आपण काय करावें? अंगावरील आग प्रथम विझवावी. भाजलेल्या भागावर वाहतें गार पाणी वीस मिनिटें सोडावें. बर्फ लावूं नये. सूज येण्यापूर्वींच बांगड्या, अंगठ्या, करदोरा वगैरे काढून टाकावें. तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये. त्यानें जखम दूषित होते व डॉक्टरांस ती नीट पारखतां येत नाहीं. मग स्वच्छ कोरड्या कापडानें झांकून, उरलेलें अंग ऊबदार ठेवून, विनाविलंब रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ हा क्रमांक फिरविल्यास रुग्णवाहिका येते. रोगी बोलतो आहे, चालतो आहे, मग घाई कशाला, असें म्हणून घरीं बसूं नये. वर सांगितलेली गळती डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ती होत असतां रोगी बराच वेळ बोलत असतो.

विद्यार्थीमित्रहो, परीक्षेंत उत्तर चुकलें तर खोडरबरानें तें पुसून टाकावें, वहींतील प्रयोगाचे आंकडे शेजाऱ्याच्या वहीसारखे करून घ्यावेत, असा मोह आपल्यापैकीं पुष्कळांस होतो. शिक्षकांसही फळ्यावरील चूक मान्य करणें जड जातें. त्या वेळीं आपण रिंगर यांचें स्मरण करावें. त्यांनीं आपली चूक पुसली असती तर मिठाचें पाणी पुरें पडतें असेंच लोक कांहीं काळ मानून चालले असते, आणि चुन्याचा तो कण कोणाच्या ध्यानांत येण्यास आणखी किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे. मनुष्याचें नांव किती प्रकारांनीं टिकतें! कोणाचें पुतळ्यावर, कोणाचें रस्त्यावर. रिंगर यांचें नांव रुग्णालयांतील खाटेशेजारीं, एका आंकड्यास टांगलेलें आहे. पुढच्या खेपेस आपण सातारा, सांगली वा मिरजेच्या रुग्णालयांत कोणा आप्ताच्या समाचारास गेलां, तर वर पाहून तें नांव अवश्य वाचा, आणि ज्या पित्यास स्वतःची मुलगी वांचवितां आली नाहीं त्याच्या प्रांजळपणामुळें आज आपलें माणूस वांचत आहे, हें मनांत आणून त्या सत्पुरुषास मूकपणें धन्यवाद द्या.